निअँडरथल, शांतक्काचं भात आणि माझं अर्धं भाषण

हवामानबदलावर बोलायला कुणी बोलावलं की मी नाही म्हणत नाही. धारवाडपलीकडं अळणावर म्हणून गाव आहे, त्याच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या परशुअण्णा मास्तरांचा फोन आला, "सर, मोठी माणसं ऐकायला बसतील, या," तेव्हा विषय तिथल्या तिथं ठरवला: निअँडरथल. आपल्यासारखीच आग पेटवणारी, आजाऱ्याला सांभाळणारी माणसं. हवामान उलटलं, कडाक्याची थंडी आली आणि चाळीसेक हजार वर्षांपूर्वी ती युरोपातून नाहीशी झाली. याहून मोठा इशारा आपल्याला कुठला हवा?

नोव्हेंबरातल्या रविवारी सकाळी सातला बायको मंदा आणि मी हुबळीतल्या केशवापूरहून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: हुबळीहून धारवाडला बस केव्हाही मिळते, पुढं अळणावरच्या बसची वेळ मात्र आधी विचारून ठेवा. नाष्टा धारवाडलाच उरका, वाटेत फारशी सोय नाही. कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, आधार कार्ड तेवढं जवळ हवं. मंदा दोन्ही बसमध्ये फुकट, आणि वर खिडकीही तिचीच.

धारवाड सोडलं की काळी माती हळूहळू लाल होत जाते, आंब्याच्या बागा लागतात, मग कापणीला आलेलं पिवळं भात. मी भाषण जुळवत होतो.

"आवाज खाली घ्या," मंदा म्हणाली. "कंडक्टर मशीन धरून तुमच्याकडंच बघत उभा आहे."

देवळाच्या सभामंडपात चाळीसेक माणसं होती. मी मराठीत सुरू केलं, रंगात आलो तसा कन्नडवर गेलो. पहिल्याच रांगेत शांतक्का बसली होती, साठीची, एकटी शेती करणारी बाई. माझ्या दर वाक्याला ती दाराबाहेर बघे. मी आवाज चढवला. शेवटी राहवेना.

"अक्का, लक्ष कुठं आहे?"

"लक्ष हितंच हाय, सर. एक विचारू काय? ती थंडी त्यांच्यावर पहिल्यांदाच पडली काय?"

नाही. तसल्या कितीतरी थंड्या त्यांनी काढल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"मग ह्या खेपेलाच काय झालं? पाव्हणे-रावळे नव्हते काय त्यांना?"

मंडप हसला. मीही हसलो, पण आतून चपापलो. कारण अभ्यासक जी कारणं मांडतात त्यांत हेही एक आहे: टोळ्या लहान, विखुरलेल्या, एकमेकींपासून लांब. वाईट वर्षी जायचं कुणाकडं? भाषणाची धार जाते म्हणून ते वाक्य मी दर वेळी गाळत आलो होतो.

उत्तर देणार तोच दारातून कुणीतरी ओरडलं, "मळी बंतु, मळी!" पाऊस आला! मंडप रिकामा व्हायला लागला.

"थांबा! मुद्दा राहिलाय!" मी माईकवर गरजलो.

परशुअण्णांनी माईक माझ्या हातातून काढून घेतला. "सर, शांतक्काचं भात कापून चार दिवस शेतात पडलंय. भिजलं की तिथंच मोड येतात. वर्षाचं जेवण हाय तिचं. पूर्वी दिवाळीनंतर आभाळ असं भरत नव्हतं."

आम्हीही धावलो. शेतात सगळे पेंढ्या बांधत, वाहत, एका उंचवट्यावर रचत होते. मी उचललेली पहिलीच पेंढी सुटली.

"सर, बाळाला धरतात तशी धरा," एक बाई म्हणाली. "माईक न्हवं त्यो."

पलीकडून ट्रॅक्टर आला. शेजारच्या गावातले शांतक्काचे व्याही, चार माणसं आणि ताडपत्री घेऊन.

"अहो, तुमचंबी भात बाहेर हाय की!" शांतक्का ओरडली.

"हाय की. आधी तुमचं झाकू, मग तुम्ही आमचं झाका. बडबड नंतर!"

ताडपत्रीची दोरी आवळली आणि सरींवर सरी कोसळल्या. पाऊस जरा थांबल्यावर सगळे तसेच भिजलेले, ट्रॅक्टरवर चढून व्याह्यांच्या शेताकडं गेले. दुपारी तीनला शांतक्काच्या पडवीत भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी. माझे खांदे भरून आले होते. इतकं चवीचं जेवण मला आठवत नाही.

घरी येऊन विचार करतोय. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आभाळ बिघडवणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे, आणि गावाची सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतावर राबायची रीत, हा सरकारला मोकळं सोडायचा परवाना नाही. पण इतकी वर्षं मी माणसांना नुसतं भ्यायला शिकवलं. कशाच्या बळावर तगायचं हे त्या गावानं मला एका दुपारी दाखवलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मंगळवारी परशुअण्णांचा फोन आला. एका कोपऱ्याच्या पेंढ्या भिजल्या, बाकी भात वाचलं. व्याह्यांचं थोडं जास्त गेलं.

"उरलेलं भाषण कधी ठेवताय?" मी विचारलं.

"भाषणाचं बघू, सर. शांतक्कानं मळणीच्या माणसांत तुम्हा दोघांना धरलंय. रविवारी जुने कपडे घालून या."

हार घालून मला पुष्कळांनी बोलावलं. आपल्या माणसांत धरलं ते शांतक्कानं.