डाळिंबाचा बार

डाळिंबाच्या पाकाची कृती तुम्ही दोघा नातवंडांनी मागितलीत. ती देते, पण तो पाक केला त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात मारामारी झाली, तीही सांगते. तुमच्या आत्याचा गाल का सुजलाय हे तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, तेव्हा तिने दाढेचं कारण दिलं. ते खोटं होतं.

ती माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. दीर सटाण्याकडे डाळिंब पिकवतात. शेतीची पदवी घेऊन ती दिंडोरीजवळच्या एका रिसॉर्टवर बाग बघायला लागली. पुढे तिला तिथल्या मद्याच्या काउंटरचं काम आवडलं, आणि गेल्या महिन्यात तिला तिथली मुख्य केलं. तिने बापाला फोन केला, "आप्पा, आता पूर्ण बार माझ्याकडे!" डाळिंबवाल्यांच्या बोलीत बार म्हणजे झाडाचा बहर. पाणी तोडून, पानं झाडून तो धरावा लागतो. दिरांना वाटलं, सगळी बाग लेकीच्या हाती आली. त्यांनी गावात पेढे वाटले. तिला त्यांचा गैरसमज कळला, पण ती गप्प राहिली.

त्या दुपारी तिला नवं पेय करून बघायचं होतं. पाक माझा. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया वाटल्या की तुरट लागतं. हातानेच चोळून रस गाळा, रसाइतकीच साखर घाला, मंद आचेवर ठेवा. तार येण्याआधी उतरवा आणि निवल्यावर लिंबू पिळा. बत्त्याने फोडलेला बर्फ तिने उंच ग्लासात भरला, त्यावर जिन, पाक आणि शेवटी गार सोडा.

"मोठी आई, एकदाच ढवळायचं. जास्त ढवळलं तर गॅस उडतो."

तेवढ्यात दीर आले. खांद्यावर डाळिंबाचा क्रेट, चेहरा हसरा.

"काय बारवाल्या बाई! सेटिंग कशी हाय, फळं धरली का? फुलगळ बिळ नाय ना?"

ग्लास मोरीत ओतता आला असता. तिने तो हातातच धरला. "आप्पा, तो बार नाही. हा बार."

ओट्यावरची जिनची बाटली त्यांना तेव्हा दिसली. "लोकांना दारू पाजती तू?"

"हो. आणि सोडणार नाही."

थोबाडीत बसली तशी ती ओट्यावर आपटली. ग्लास फुटला. दुसऱ्या फटक्याने ती खाली काचांवर पडली आणि डावा तळहात फाटला. पाकाची बाटली वरून कोसळली. फरशीवर रक्त कुठलं आणि डाळिंब कुठलं, काही कळेना. दिरांनी तिचे केस मुठीत धरले आणि तिला दाराकडे ओढू लागले.

"चल घरी! गावभर सांगितलं मी, पोरगी बार सांभाळती. आता तोंड कुठं लपवू?"

"भाऊजी, सोडा तिला."

"वहिनी, मधी पडू नका. पोरगी माझी हाय."

तिने दाराची चौकट धरली, तर त्यांनी तिच्या बोटांवर चप्पल दाबली. मी बत्ता उचलला आणि त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला.

"वहिनी, मला मारता?"

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना अहो-जाहोच करत होते. "तुलाच. केस सोड, नाहीतर दुसरा हातही मोडीन."

त्यांनी केस सोडले.

दवाखान्यात बापलेक एकाच बाकावर बसले. त्यांना प्लॅस्टर, तिला टाके. डॉक्टरांना दोघांनीही सांगितलं, क्रेट पडला.

"उद्या जाणार तिथं?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"जाणार."

"मग माझ्या दारात येऊ नको."

संध्याकाळी तिनेच त्यांना रिक्षाने द्वारका चौकातल्या बस थांब्यावर नेलं आणि सटाण्याच्या बसमध्ये खिडकीशी बसवलं. मी बरोबर होते. बस सुटेपर्यंत ते तिला आईवरून शिव्या देत होते, लोक बघत होते. ती खाली उभी राहून ऐकत राहिली. बस गेल्यावर म्हणाली, "मोठी आई, उद्या माझी सकाळची पाळी आहे."