घंटी नसलेला कॅमेरा

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात प्रयागबाई कोणती, हे कुणाला विचारावं लागत नाही. जिच्या एका खांद्यावर पदर आणि दुसऱ्या खांद्यावर कॅमेरा, ती प्रयागबाई. वांग्यांच्या ढिगाआड बसते, वजन करते, आणि मधेच गिऱ्हाइकाला म्हणते, "थांब वं माय, अशीच राह्य." गिऱ्हाईक पिशवी पसरून उभंच राहतं. वय साठीपुढं गेलं, शाळा दुसरीपर्यंत, आणि हिच्या एका शब्दावर अर्धा बाजार जागचा हलत नाही.

हा कॅमेरा तिला कुणी ओवाळणीत घातला नाही. त्याची आस लागली ती परकरात असताना. मंगरूळपीरच्या यात्रेत एक फोटोवाला पडदा लावून बसायचा. पडद्यावर तळं, तळ्यात बदकं. गावचे पाटील मिशीला तूप लावून त्याच्यापुढं बसले, तर त्यानं पाटलांची हनुवटी धरून वर केली आणि म्हणाला, श्वास सोडू नका. पाटलांनी खरंच सोडला नाही. प्रयागला त्या बदकांचं काही वाटलं नाही. तिला त्या माणसाचं वाटलं. ज्याच्या दारात तिचा बाप चप्पल काढून उभा राहायचा, त्याचा श्वास हा माणूस रोखून धरतो म्हणजे काय? तिनं बापाला सांगितलं, मला हेच काम करायचं. बाप हसला. आई हसली नाही, तिनं कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसवलं.

पुढं लग्न झालं. लग्नाचा एकच फोटो, त्यात रंगराव छाती काढून उभे आणि शेजारी एक लुगडं उभं. फोटोवाला म्हणाला होता, नवरीनं मान खाली घालावी. आता सांगा, मान खाली घातलेल्या बाईचा फोटो काढायचा कशाला? लुगडं दुकानात पाहून घ्यावं.

रंगराव माणूस चांगला. व्यसन नाही, हात उचलला नाही, फक्त एक खोड, कशालाही नाही म्हणायचे नाहीत आणि करायचेही नाहीत. "पुढच्या हयदीवर घेऊ तुहा क्यामेरा," असं दर वर्षी म्हणाले. एकदा विहिरीची मोटर जळाली, एकदा लेकीचं बाळंतपण आलं, एकदा हळदच सडली. आणि मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन रंगरावच गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर लग्नाचा वाळवीनं खाल्लेला आणि दुसरा घरात नाही. शेवटी मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात रंगराव असे दिसतात की जणू कुणी त्यांना बैल चोरताना पकडलंय. प्रयागबाई रोज सकाळी त्या फोटोपुढं उदबत्ती लावायची आणि रोज तिला राग यायचा. जन्मभर मी मागत राहिले, आणि घेतला असता तर आज हा चांगला माणूस भिंतीवर चोरासारखा लटकला नसता.

गजेंद्र, तिचा मुलगा, म्हणाला, मोबाइलमध्ये आहे ना कॅमेरा, वेगळा कायले पाहिजे. तिनं मोबाइलवर काढूनही पाहिलं. भेंडीच्या फुलावर मधमाशी बसली होती, बाई श्वास धरून उभी, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. माशी उडाली. दुसऱ्यांदा काढलेले फोटो नातवांनी खेळ भरण्यासाठी पुसून टाकले. तिनं मोबाइल गजेंद्रच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हा गावाचा हाय, माहा नाही. मले घंटी नसलेला क्यामेरा पाहिजे."

तो मिळाला हरीओमकडे. हरीओमचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात मोबाइल आले तसा स्टुडिओ बसला आणि तो मोबाइलची कव्हरं विकू लागला. प्रयागबाई त्याच्या दुकानासमोरच भाजी मांडायची. काचेमागं तो काळा कॅमेरा धूळ खात पडलेला तिला दर बाजाराला दिसायचा. त्या वर्षीची हळद विकली, आणि घरी जायच्या आधी बाई हरीओमच्या दुकानात शिरली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मोटर जळाली असती.

हरीओमनं बटणं दाखवली. बाकीचं ती आपली आपण शिकली. जुन्या गोधडीची पिशवी शिवली, तिला बाळाच्या झबल्यासारखी नाडी लावली. पहाटे वावरात जायची तेव्हा हळदीच्या रुंद पानांवर दव असायचं, त्या दवात सूर्य शिरला की तिला खुरपं हातात धरवायचं नाही. एकाच पानाचे इतके फोटो काढले की सून निता म्हणाली, मामी, या पानाचं लग्न ठरवता का? प्रयागबाईला त्याचाही राग आला नाही. त्या दिवसांत तिला राग येतच नसे. कळ दाबली की आत बारीकसा आवाज व्हायचा, काडी मोडल्यासारखा, आणि तो ऐकला की बाईचं पोट भरायचं. जेवणाची आठवण दुसऱ्यांनी करून द्यावी लागे.

मग ती माणसांकडे वळली. पहिला फोटो शेजारच्या मनकर्णाबाईचा. मनकर्णाबाई तरुणपणी विधवा झालेली, तिचा उभ्या आयुष्यात एक फोटो नाही. ती आधी नको म्हणाली, एकटीचा काढला की माणूस लवकर जातं म्हणे. प्रयागबाई म्हणाली, "तुले कोन नेते वं, तुले पाहून यमच पयते." मनकर्णाबाई हसली, आणि कळ दाबली गेली. हरीओमनं तो कागदावर काढून दिला. मनकर्णाबाईनं तो बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, माझे दात असे आहेत का? तेव्हापासून गावातल्या एकट्या बाया प्रयागबाईच्या ओट्यावर येऊ लागल्या. कुणी केस विंचरून यायची, कुणी शेळी घेऊन.

असं सगळं चांगलं चाललेलं, आणि नातीचं लग्न ठरलं.

नात म्हणजे उज्ज्वला, गजेंद्रची थोरली. लग्नाला कारंज्याचा फोटोवाला ठरला होता, पंखे लावून आभाळातून फोटो काढणारा. पण उज्ज्वलानं आधीच सांगून ठेवलं, हळदीचे फोटो आजी काढणार. "आजी, तूच काढजो. त्याच्यासमोर मले हसू येत नाही." प्रयागबाईला ते इतकं भिडलं की आठवडाभर ती भिंतीवरच्या रंगरावांनाही काही बोलली नाही. हळदीची सकाळ कशी असते, ऊन मांडवात कुठून येतं, हे ती तीन-चार दिवस आधीपासून पाहत होती. मांडवाच्या एका कोपऱ्यातलं कापड तिनं सुतळीनं वर बांधलं, उजेड नवरीच्या तोंडावर पडावा म्हणून.

हळदही तिच्याच वावरातली. बेणं तिनं निवडून ठेवलं होतं, लावली तिनं, उकडताना कढईशी ती उभी, वाळवली तिनं, आणि लग्नासाठी वेगळी कांडून वस्त्रगाळ करून डब्यात भरली तीही तिनंच.

सकाळी पाट मांडला, उज्ज्वला बसली, सवाष्णी जमल्या. प्रयागबाई पिशवीतून कॅमेरा काढून पुढं झाली, आणि तिच्या थोरल्या जावेनं, कस्तुराबाईनं, हात आडवा घातला. मोठ्यानं काही नाही, गोडच. म्हणाली, बाई, तू आत बस, सवाष्णींचं होऊन जाऊ दे. शुभ काम आहे. फोटोचं काय, कॅमेरा उज्ज्वलाच्या मामाकडे दे, तो काढेल.

प्रयागबाईला आधी समजलंच नाही. कॅमेरा घेतल्यापासून ती इतकी पुढं पुढं उभी राहिली होती की आपण मागं उभं राहायचं असतं हे ती विसरून गेली होती. मामा पुढं आला, हात पसरला, विचारलं, कुठलं बटण दाबायचं. तिनं कॅमेरा पदराखाली घेतला आणि आत गेली.

आत चुलीपाशी मनकर्णाबाई आणि आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या, लसूण सोलत. प्रत्येक लग्नात त्यांची हीच जागा. मनकर्णाबाईनं तिच्यासाठी पाट सरकवला आणि म्हणाली, "बस. मले त सवय झाली."

कस्तुराबाईनं हात आडवा घातला तेव्हा आला नाही तेवढा संताप या बोलण्यानं आला. सवय कशाची झाली? ज्या बाईनं पोरीची नाळ पुरली, ताप आला तर रात्र रात्र मांडीवर घेतलं, तिनं पोरीच्या अंगाला हळद लागताना लसूण सोलायचा? आणि ज्यांनी वर्षातून एकदा तोंड दाखवलं त्या सवाष्णी म्हणून पुढं? देवानं कुणाचा नवरा ठेवला, कुणाचा नेला. यात कस्तुराबाईनं काय केलं आणि मनकर्णाबाईनं काय घालवलं?

दारातून तिनं कॅमेरा लावून पाहिला. नुसत्या पाठी दिसत होत्या. हिरव्या साडीची पाठ, जांभळ्या साडीची पाठ. दोन पाठींच्या फटीतून उज्ज्वलाचा एक पिवळा पाय. तेवढ्यात उज्ज्वलाचा आवाज आला, आजी कुठं आहे. कुणीतरी सांगितलं, येते मागून. बाया जरा सरकल्या, आणि प्रयागबाईला पोरीचं तोंड दिसलं. पोरगी अशी बसली होती, जणू दवाखान्यात सुई टोचून घ्यायला आली.

प्रयागबाई बाहेर गेली. सरळ पाटासमोर, तिनं बांधलेल्या उजेडात.

"प्रयाग, मांगं सर," कस्तुराबाई म्हणाली. आता गोड नव्हतं.

"हे हयद कोनाच्या वावरातली हाय, वैनी?"

"वावराचं काय काढून राह्यली तू? रीत हाय."

"खंदली म्या, उकडली म्या, वस्त्रगाय केली म्या. तवा माहा हात समद्याइले चालला. आता डब्यातून काढली त मी अशुभ?"

निता खाली पाहत होती. भिवाजी, कस्तुराबाईचा मालक, आवाज ऐकून मांडवात डोकावले, काय झालं म्हणाले. दोघी जावांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते आल्या पावली निघाले.

"पोरीचं काही वंगाळ झालं त?" कस्तुराबाई म्हणाली. या वेळी आवाज जरा खाली होता, आणि खरं सांगायचं तर ती भ्यालेलीही होती.

"वैनी, माहा मालक गेला. माहे डोये नाही गेले." प्रयागबाईनं कॅमेरा डोळ्याला लावला. "मी हयदीले हात लावत नाही, तुमी लावा. पन फोटो मीच काढतो. नसन पसंत त तुमी आत जाऊन लसून सोला. आता पाहा सगळ्या इकडं."

सगळ्यांनी पाहिलं. न पाहून काय करतील? एवढं बोलल्यावर कुणाची नजर दुसरीकडे जाणार होती? उज्ज्वलाला आधी हसू दाबता आलं नाही, मग तिनं दाबलंच नाही. तिनं तोंड उघडलं तशी कुणाच्या तरी हातची हळद तिच्या दातांना लागली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला.

मग हळद रीतसर लागली. कस्तुराबाईनं लावली, पण प्रयागबाईकडे पाहिलं नाही. जेवताना पंगतीतही पाहिलं नाही. प्रयागबाईनं फोटो काढले ते काढले. आतल्या बायांना बाहेर बोलावलं, त्यातल्या दोघी आल्या, मनकर्णाबाई आली नाही. प्रयागबाईला अजून त्याचा राग आहे.

लग्न झाल्यावर हरीओमनं फोटो कागदावर काढले. घरात ते हातोहात फिरले. त्यातल्या एका फोटोत जांभळ्या, हिरव्या, लाल नव्या साड्यांतल्या सवाष्णी दाटीवाटीनं उभ्या आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, सगळ्यांचे ओठ घट्ट. जणू एस.टी. डोळ्यांसमोरून न थांबता निघून गेली. मागं लांबवर भिवाजींची पाठ, जाताना. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध उज्ज्वला, डोळे मिटून, पिवळ्या दातांनी हसत.

कस्तुराबाईचा निरोप आला, तो फोटो अल्बमात लावू नये, त्यात ती भांडखोर दिसते. हवं तर पुन्हा साडी नेसून येईल, चांगला काढ. प्रयागबाईनं उलट निरोप धाडला, जरूर काढीन, पुढच्या हळदीला. फक्त तेव्हा हात आडवा घालू नये, हाताचाच फोटो येईल.

तो फोटो अल्बमात लागला नाही. उज्ज्वलानं तो मागून घेतला आणि जऊळक्याला सासरी नेला. तिथं तिच्या सासूनं पाहून विचारलं म्हणे, या एवढ्या बाया कोणावर चिडल्या आहेत? उज्ज्वला म्हणाली, फोटो काढणारीवर. आणि तू कशाला हसून राह्यली? ती म्हणाली, तिच्याकडेच पाहून.