करडीचे गुडघे

तबेल्यात सगळे तिला वहिनी म्हणत. तिचा नवरा तिथलाच जुना घोडेस्वार. एका शर्यतीत त्याच्याखालची करडी घोडी वळणावर अडखळली आणि दोघंही मातीत कोसळली. घोडीचे पुढचे गुडघे कायमचे अधू झाले, नवऱ्याचाही एक गुडघा गेला आणि काखेत कुबडी आली. तेव्हापासून तो खिडकीशी बसून असे. करडीचं नाव काढलं तरी त्याचं तोंड कडू होई.

घर चालवायला वहिनीने तबेल्यातलं काम धरलं आणि नेमकी करडीच तिच्या वाट्याला आली. थंडीत घोडीचे सांधे आखडायचे. सकाळी वहिनी गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्या गुडघ्यांना गुंडाळायची, मग मऊ मातीवरून तिला सावकाश फिरवायची. वजन वाढलं की सांध्यांवर भार येतो, म्हणून दाणा बेताचा. करडी रिकाम्या घमेल्यात नाक घालून तिच्याकडे अशी बघायची, जणू सासुरवास म्हणतात तो हाच.

एकदा नवरा म्हणाला, "तिचे गुडघे शेकतेस. माझा दिसत नाही तुला?"

"तुमचा शेकायला बसलं की तुम्ही अंगावर येता. ती बिचारी उभी तरी राहते."

त्यावर तो कुबडी ओढून परत खिडकीशी जाऊन बसला. मग एका दुपारी कुबडी टेकत तो तबेल्यात आला. वहिनीने करडीचा दोर जवळ ओढून धरला. तो कठड्याला रेलून वाकला, करडीच्या गुडघ्यावरून त्याने हात फिरवला.

"खूर वाढलेत," तो म्हणाला. "नालबंदाला बोलाव. पाऊल वाकडं पडलं की सगळा भार सांध्यावर येतो."

नालबंदाने खूर तासून दिले. करडी जरा मोकळी चालू लागली, नवराही रोज येऊ लागला. वहिनीला वाटलं, दिवस पालटले.

पण म्हातारे सांधे ते. हिवाळा सरता सरता एका सकाळी करडी बसली ती उठेचना. दोर लावून झाले, चौघांनी रेटा दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी गुडघे चाचपले आणि मान हलवली.

"आता हिला उभं करणं म्हणजे हाल करणं."

वहिनी तोंड फिरवून उभी राहिली. नवरा अधू पाय तसाच पसरून जमिनीवर बसला आणि करडीचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. सुई टोचली तेव्हा तो तिच्या कानाशी पुटपुटत होता, "सोड आता. भार सोड."

पुन्हा तो तबेल्यात गेला नाही. एका संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, "तिच्या जागेवर कोण आलं?"

"तांबडं शिंगरू आहे. अजून कोवळं आहे."

"मालकाला सांग, एवढ्यात पळवू नका. हाडं भरू देत."

वहिनीने मान डोलावली. शिंगराला मैदानावर पळवायला लागून आठवडा उलटला होता. तिने त्याच्या ताटात भाजी वाढली.