पॉपअपची फुली

डायलिसिस सेंटरची वेबसाइट तिने एकटीने उभी केली होती. प्रत्येक बदल ती आधी वडिलांच्या जुन्या, तडा गेलेल्या फोनवर तपासायची. तिथले बरेच पेशंट असेच फोन वापरतात, हे तिला घरातूनच ठाऊक होतं; वडील त्यांच्यातलेच.

तिच्या सुट्टीत, ती नोकरी करत असलेल्या वेबसाइट कंपनीच्या साहेबांनी कुठलंसं फुकटचं जावास्क्रिप्ट टूल आणून जाहिरातीचा पॉपअप चिकटवला. छोट्या स्क्रीनवर तो बंद करायची फुली स्क्रीनबाहेर गेली आणि डायलिसिसचा नंबर लावायचं बटण त्याच्याखाली गाडलं गेलं. आज वडिलांनाच नंबर लावता आला नाही.

ती तडक केबिनमध्ये शिरली आणि तो फोन टेबलावर आपटला. "लावून दाखवा नंबर."

साहेबांनी बरंच बोट घासलं. "अगं, बाबांना नवा फोन घेऊन दे की! एवढी काय डोक्यात राख घालतेस?"

"आणि बाकीच्या पेशंटना तुम्ही घेऊन देणार?"

साहेब हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभ्या उभ्या लॅपटॉप उघडून तिने पॉपअप मुळासकट उपटला आणि साहेबांचा वेबसाइटचा पासवर्ड बदलला.

"यापुढे काही चिकटवायचं असेल, तर आधी या फोनवर चालवून दाखवायचं," ती म्हणाली आणि वडिलांचा नंबर लावूनच बाहेर पडली.