खिडकीतून टाकलेली दस्ती

जिवंत माणसाच्या तोंडावर पांढरं फडकं पडलं की त्याचे भाऊ काय करतात, हे मला आमच्या गावच्या स्टेशनात कळलं. फडकं मीच टाकलं होतं.

आमच्याकडं गाडीत जागा धरायची रीत जुनी आहे. पॅसेंजर फलाटाला लागली की ती थांबायच्या आधीच खिडकीच्या गजांतून खांद्यावरची दस्ती आत फेकायची. दस्ती जिथं पडली ती जागा आपली, मग दारात कितीही रेटारेटी होवो. त्या सकाळी माझ्या डोळ्यांवर ऊन होतं आणि डब्यात नुसता अंधार. मी गाडीबरोबर धावत दस्ती फेकली, नीट पसरावी म्हणून हातही आत घातला आणि मागं वळून सासऱ्यांकडं बघून हसलो. दस्ती पडली होती ती बाकावर आडव्या झालेल्या एका आजारी माणसाच्या तोंडावर.

सासऱ्यांना जागा मिळायलाच हवी होती. हृदय थकलेलं, पायांना सूज, उभं राहिलं की दम. हैदराबादच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलेलं. मेहकरहून आमच्या घरापर्यंत येतानाच बसच्या धक्क्यांनी त्यांचा जीव अर्धा झाला होता. सोबत आलेल्या बायकोनं निघतानाच बजावलं होतं, "अप्पाला बसाय मिळालं पायजे. उभं राहून ते बिदरपतुर बी जायचे न्हाईत."

मी म्हणालो होतो, "तीन पिढ्यांचा अनुभव हाय मला त्या स्टेशनाचा."

अनुभव होता, पण मार खाण्याचा. आमच्या स्टेशनाची दगडी इमारत निजामाच्या राजवटीतली. तिचा इतिहास कुणी लिहिला नाही, तो आमच्या घराण्याच्या अंगावर उमटला. आजोबांची मेंढरं एकदा फलाटावर चढली, तर शिपायानं आजोबांच्या पाठीवर वेत मोडला. ते वळ आजोबा पाहुण्यांना शर्ट काढून दाखवायचे. वडिलांचा पुढचा दात तिकिटाच्या खिडकीपाशी गेला. भांडत होते दुसरेच दोघं, कोपर लागलं वडिलांना. पुढं कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल आलं, डोक्यावर पत्रे आले, आता विजेच्या तारा आल्यात. फलाट उंच केला, त्यामुळं खाली पडणाऱ्याला आता जास्त लागतं, एवढीच सुधारणा.

आतून एका हातानं माझं मनगट पकडलं.

"माझा अण्णा मेला म्हणून तोंड झाकायलास काय रे?"

"न्हाई हो, जागा धरायलोय..."

"मसणात धर जागा! दवाखान्याला न्यायलोय त्याला, अन् तू कफन टाकायलास?"

त्यानं माझा हात गजावर असा पिरगळला की कोपरातून कळ थेट दाताला गेली. तोवर दुसरा भाऊ खाली उतरला. त्याच्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता. तो डबा माझ्या नाकावर बसला तेव्हा नाकाच्या आत काहीतरी कडकन वाजलं. डॉक्टरांसमोर बरं दिसावं म्हणून घातलेला पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल झाला. मग लोक आले. आमच्या स्टेशनात भांडण दोघांचं असलं तरी हात सगळ्यांचे असतात. माझ्या पाठीवर लाथ घालता घालता एकानं शेजारच्याला विचारलेलं मी ऐकलं.

"कामून मारायलात ह्याला?"

"काय की. समदेच मारायलेत."

आणि मग, दोन पायऱ्या चढल्या की टेकणारे माझे सासरे, काठी उगारून त्या घोळक्यात शिरले. काठी डबेवाल्या भावाच्या टाळूवर बसली. त्याच्या कपाळावरून रक्ताची धार लागली. त्यानं डोळे मिटूनच सासऱ्यांना ढकललं. ते फलाटावर उताणे पडले. ओठ निळे. बायको किंचाळली, "अप्पा!"

तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. माझं मनगट अजून आतल्या भावाच्या मुठीत होतं. गाडी हलली असती तर हात हैदराबादला गेला असता आणि बाकीचा मी फलाटावर राहिलो असतो. "सोडा हो, सोडा!" म्हणून मी लहान पोरासारखा ओरडायला लागलो.

"सोड रे त्याला," आतून बारीक आवाज आला. आजारी माणूस कोपरावर उठला होता. चेहरा हळदीसारखा पिवळा, गळ्यात माझी दस्ती. "मी मेलो न्हाई अजून. त्या म्हाताऱ्याला आत घ्या. माझ्या पायाशी बसू दे." आणि त्यानं पाय आखडून घेतले.

ज्याचं डोकं सासऱ्यांनी फोडलं होतं, त्यानंच त्यांना दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. त्याचं रक्त सासऱ्यांच्या धोतरावर ठिबकत होतं. मागोमाग मी आणि बायको चढलो. नंतर कळलं की दोन्ही आजारी एकाच दवाखान्याला चाललेत.

संध्याकाळपर्यंत दोघांनाही भरती करून घेतलं होतं. सासऱ्यांचा श्वास ठिकाणावर आला होता. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाकात कापूस घालून बसलो होतो. ते दोघं भाऊ समोरच्या भिंतीला टेकून बसले होते, एकाच्या डोक्याला टाके.

बायकोनं भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "त्यांच्या डब्यातलं समदं फलाटावरच सांडलं. सकाळधरनं उपाशी हाईत. जावा, देऊन या. अन् आधी तोंडानं बोला, मग हात पुढं करा."

"परत मारले तर?" मी विचारलं.

"मारले तर मारले," ती म्हणाली. "दवाखान्यातच तर हाव."