कुंदाताईंची टर्की आणि माझा जळफळाट

मी माझ्या मोठ्या जावेवर जळायचे.

आज कुंदाताईंना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर सगळे "देवमाणूस", "अन्नपूर्णा" असं लिहीत आहेत. लिहा. पण त्यांच्यावर जळण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, म्हणून माझी ही वेगळी पोस्ट.

चामोर्शीत आमचं घर एक, स्वयंपाकघर एक आणि जावा दोन.

रस्सा माझा. माहेरी माझ्या हातच्या कोंबडीच्या रश्श्यासाठी पाहुणे मुक्काम वाढवायचे. इथं सासूबाई मुकाट जेवायच्या आणि ताट सारून उठायच्या.

मग भासऱ्यांनी, म्हणजे कुंदाताईंच्या नवऱ्यानं, हौसेनं टर्की नावाच्या मोठ्या विलायती कोंबड्या पाळल्या. पहिली कापली ती मी रश्श्यात घातली. चावून चावून सगळ्यांचे जबडे दुखले.

ताई हसल्या. "हिले अशी घाई नाई चालत वं सुलभा. ओव्हन पायजे."

त्यांचे वडील कोरपन्याकडे एका कारखान्याच्या गेस्ट हाउसवर खानसामा होते. त्यामुळे बाईला सगळं ठाऊक. नागपूरहून ओव्हन आला आणि माझे दिवस फिरले.

आपल्याकडे पक्षी कातडी सोलूनच करतात. कातडी नसली की ओव्हनमध्ये मांस कोरडं पडतं. यावर ताईंचा उपाय म्हणजे जुन्या धुवट सुती लुगड्याचा तुकडा. तो तुपात भिजवून मांसाच्या तुकड्यांवर पांघरूण घातल्यासारखा पसरायच्या. मांड्या आधी, छातीचे तुकडे तासाभरानं. आच एकदम मंद. तीन तास.

तीन तास लाइट टिकली तर, अर्थात.

आणि तेवढा वेळ त्या ओव्हनसमोर पाट टाकून तांदूळ निवडत बसायच्या. नॉबला कोणी हात लावायचा नाही.

मांस हाडापासून आपोआप सुटायचं. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "कुंदे, आनखी एक तुकडा दे वं."

आणखी! हा शब्द मला लग्नानंतर एकदाही मिळाला नव्हता हो.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते. "फोडणी नाई, तिखट नाई, आजाऱ्याचं जेवन" असं शेजारणीला सांगितलं. ताईंनी ट्रेचा फोटो ग्रुपवर टाकला की सगळे हार्ट द्यायचे. मी कधीच दिलं नाही. उलट त्यांच्या फोटोखाली लगेच "उद्या पाणी येणार नाही" असा मेसेज टाकायचे, म्हणजे फोटो वर सरकेल.

हसा. खरं आहे.

आणि मग ती तीन वर्षांपूर्वीची मंडई.

धानाची कापणी झाली की गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात. आमच्याकडे चौदा होते. ओव्हनमध्ये टर्की, गॅसवर माझा रस्सा. तो पण कोंबडीचा नाही, नुसता अंड्यांचा, कारण "चिकन-मटनाचं कुंदा पाहते" असं सासूबाईंनी जाहीर केलं होतं.

पाहुणे यायच्या आधी ताई डोक्यावरून न्हायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "सुलभा, लक्ष देजो. हात नको लावजो."

मी नॉब शेवटपर्यंत फिरवला.

त्यांचं न्हाणं आटोपल्याचा आवाज आला, तसा पुन्हा जागेवर आणला.

ताईंनी ट्रे काढला. कापडाच्या कडा काळ्या पडल्या होत्या. खाली मांस आक्रसून सुकलेलं. त्यांनी कापड पाहिलं, नॉब पाहिला, मग मला पाहिलं. मी खाली मान घालून कांदा चिरत होते. तो कांदा कोणालाच नको होता.

त्यांनी ओले केस तसेच बांधले, हाडावरून मांस सोडवलं, रेषा रेषा केली आणि माझ्या रश्श्यात टाकलं. "पंधरा मिनिटं झाकण ठेव," एवढंच म्हणाल्या.

पाहुणे बोटं चाटत जेवले. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा मीच म्हनलं, सुलभाच्या हातचं खाऊ."

आणि सासूबाईंनी वाटी माझ्यापुढे केली. "आनखी घाल वं."

मला हवं ते मिळालं. पण त्या दिवशी मी ताईंवर जेवढी जळले तेवढी कधीच नाही. असं मोठं मन मला सात जन्मांत जमलं नसतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माहेरच्या मंडईला निघून गेले. चार दिवसांनी आले. ताईंनी विषय काढला नाही, मीही नाही. कधीतरी सांगू म्हणत राहिले, आणि मागच्या वर्षी त्या एकाएकी गेल्या.

आज मी टर्की केली. तुपाचं कापड, मंद आच, समोर पाट.

सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला. म्हणाल्या, "बरी हाये. कुंदासारखी नाई."

माझ्यानं राहवलं नाही. भरल्या पंगतीत बोलून गेले, "आई, त्या मंडईले ताईनं टर्की रश्श्यात टाकली, ते हौसेनं नाई. मी बिघडवली. आच मी मोठी केली होती."

भासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू माहेरी गेल्यावर मले ते जळकं कापड दिसलं. तिनं त मले सांगतलं, माह्याच हातून आच मोठी राह्यली म्हनून. अख्खं जनावर करपवलं म्हनून चार दिवस बोलली मी तिले. थांबलेल्या पाहुन्यांसमोर बोलली. काऊन नाई सांगतलं वं तिनं?"

पंगत तशीच उठली.

ताई, ती चार दिवसांची बोलणी माझी होती.

तुमच्यावर अजून जळते. माफी मागायला मात्र उशीर झाला.

नमस्कार करते. घ्या.

— तुमची सुलभा