बाराच्या आतली भाकर

परदेशी जायचं ठरलं तेव्हा माझ्या वहीत पहिल्या ओळीला विमानाचं भाडं होतं आणि मायच्या डोक्यात ज्वारीचं पीठ. मी, बायको आणि माय असे तिघं चोवीस दिवस श्रीलंकेत राहणार होतो. तेलंगणातल्या इचोड्याच्या आमच्या वस्तीतून तोवर कोणी देशाबाहेर गेलेलं नव्हतं. नागपूरला जाऊन आलेला माणूससुद्धा दोन दिवस मोठ्या आवाजात बोलायचा.

कल्पना मायची. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात आलेल्या एका भंतेजींनी तिथल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची गोष्ट सांगितली होती. बाकीच्यांनी झाडाचं वय विचारलं. मायनं विचारलं, "तिथले भंते आपल्या हातचं खातीन का?"

भंतेजी हसले. "मी नाही का खात, आई?"

"तुमी आपलेच. आपल्याचं आपल्यानं खाल्लं, त्यात काय?"

माय नेरडीगोंड्याकडच्या शेतांत वयात आल्यापासून मजुरीनं राबली. तिच्या हातचा कापूस चालायचा, पाणी चालायचं नाही. मी मास्तर झालो, घर पक्कं झालं, गावातले लोक चहाही घेऊ लागले. पण ते चहा घेतात की माझ्या नोकरीला मान देतात, याबद्दल मायला कायम शंका होती. तिला अशा माणसाला जेवू घालायचं होतं ज्याला आपण कोण हे ठाऊक नाही, आणि ठाऊक झालं तरी ज्याचा घास थांबणार नाही. एवढं बघायला समुद्र ओलांडायचा. त्यापेक्षा फालतू कारणांनी लोक परदेशी जातात, हे मी वाचून होतो.

तयारीला चार वर्षं गेली. बायकोनं नवा टीव्ही पुढे ढकलला, मी स्कूटर. प्रवासी कंपनीचा एक माणूस येऊन आठ दिवसांत सात शहरं दाखवतो म्हणाला. त्याच्या कागदावर जेवणाला जेवढा वेळ होता तेवढा माय दात घासायला घेते. त्याला चहा देऊन वाटेला लावलं. मी पुस्तकं मागवली, नकाशे काढले. यात्रेकरूंच्या धर्मशाळांत राहायचं, सरकारी बसनं आणि तिसऱ्या वर्गानं फिरायचं, मोठ्या हॉटेलाकडे रस्त्यावरून पाहायचं. असा हिशोब बसवला की आठ दिवसांच्या पैशांत चोवीस दिवस बसले. जेवणाच्या रकान्यापुढे मी एक आकडा लिहिला होता. मायनं आकडा विचारला आणि म्हणाली, "खोड ते. पीठ नेऊ."

"माय, विमानात वजन करतात."

"मग तुही पुस्तकं ठेव घरी."

मी पुस्तकं ठेवली.

पासपोर्टाला मायची जन्मतारीख हवी होती. रेशनकार्डावर ती पंचावन्न वर्षांची, मतदार यादीत बासष्टची आणि पेन्शनच्या कागदावर सत्तरची होती. ज्या वर्षी जे वय सोयीचं तेवढं लिहून घेतलेलं. हैदराबादच्या ऑफिसातल्या बाईंनी तिन्ही कागद ओळीनं मांडले, मायकडे पाहिलं आणि तेलुगूत म्हणाल्या, "अम्मा, यातली तुम्ही कोणती?" माय म्हणाली, "म्हातारी." बाई हसल्या, प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते स्वतःच्या हातानं कागदावर लिहून दिलं आणि काम झालं. त्या बाईंचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले. हा लेख काही अंशी त्यासाठीच आहे.

निघायच्या आधी विहार समितीचे अध्यक्ष फ्लेक्सचा मजकूर घेऊन आले. 'विदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. मध्ये माय तिकिटाएवढी, बाजूला अध्यक्ष कमरेपर्यंत. मी म्हटलं, परत येऊ शकलो तर लावा. त्यांना तो अपशकुन वाटला आणि फ्लेक्सचा खर्च वाचला.

चेन्नईच्या विमानतळावर पिठाची पिशवी उघडायला लावली. शिपायानं पांढरं पीठ बोटावर घेतलं, साहेबाला बोलावलं. मायनं त्यांना हवेत भाकर थापून दाखवली, दोन्ही हातांनी, टाळ्या वाजवल्यासारखी. साहेबानं हात जोडले आणि पिशवी जाऊ दिली.

श्रीलंकेतल्या पहिल्या दहा दिवसांबद्दल मला तक्रार करायला फारसं काही सापडत नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमचा रुपया कुणाच्या तरी रुपयापेक्षा मोठा होता. बायको बाजारात राणीसारखी भाव करायची आणि शेवटी एक नारळ घ्यायची. चहाच्या डोंगरांतून जाणाऱ्या गाडीत दरवाज्याशी बसून आम्ही सहा तास बाहेर बघत राहिलो. तिथले लोक मायला 'अम्मा' म्हणत. "हे तं तेलुगूच बोलून राह्यले," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिला परकं वाटेनासं झालं. फक्त जेवायची वेळ झाली की ती धर्मशाळेत चूल मागायची आणि स्वतःची भाकर जवसाच्या चटणीशी खायची. तिथला लाल भात तिनं तोंडाला लावला नाही. पोटाला बाधेल, म्हणायची. पोटाचं कारण मला कधीच पटलं नाही.

अकराव्या दिवशी अनुराधापूर. बोधिवृक्षाला वंदन झालं, माय फार वेळ थांबली नाही. धर्मशाळेच्या परसात तीन दगडांवर तवा ठेवून तिनं भाकरी केल्या. नारळाच्या झावळ्यांचा जाळ तिला नवा होता, कधी भडकायचा, कधी बसायचा. पहिल्या तीन करपल्या, त्या तिनं बाजूला काढल्या. "भंतेले करपलेली नाई द्यायची." नीट जमलेल्या वीस झाल्या, तेव्हा तिनं पांढरं लुगडं नेसलं, टोपली डोक्यावर घेतली आणि आम्ही जवळच्या विहारात गेलो.

व्हरांड्यात एक वयस्कर भंते बसले होते. मायनं वंदन केलं, टोपली पुढे केली. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि शेजारच्या पात्रावर हात पालथा ठेवला. हसून काहीतरी म्हणाले आणि मान हलवली.

माय टोपली धरून तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "कोणं सांगतलं त्याले, आपण कोण ते?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. साडेबारा झाले होते.

भिक्षू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. हे मी चार पुस्तकांत वाचलं होतं. विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियम मी विहारात भाषणात सांगितलेही होते. पण आमच्याकडे भंतेजी येतात त्या दिवशी आधी स्वागत, मग हार, मग मंडळाचे नेते, मग ज्यांना नेते व्हायचं आहे ते, आणि शेवटी अध्यक्षांचं समारोपाचं भाषण. जेवणाची पानं तीनला पडतात. बिचारे भंतेजी चार घास खातात, कारण न खाल्लं तर बायकांना वाईट वाटतं. तीस वर्षं हे पाहिल्यावर पुस्तकातली वेळ पुस्तकातच राहिली होती. मायला दोष नव्हता. वाचून शहाणा झालेला मीच होतो.

"माय, बारा वाजून गेले. बारानंतर ते कोणाचंच खात नाहीत."

"आपल्या विहारात तं तीनले खातात."

"ते आपल्या अध्यक्षांमुळं."

"तू मले समजावून राह्यला," ती म्हणाली आणि चालू लागली.

बायकोनं परतताना मला एवढंच विचारलं, "तुमी इतकं वाचता काऊन?"

संध्याकाळी मी धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला सगळं सांगितलं, जातीसकट. इंग्रजी बोलणारा, शांत माणूस. तो उठून मायच्या पुढ्यात खाली बसला, स्वतःच्या घड्याळावर बोट ठेवलं, अकरा दाखवले, हातानं घास तोंडात घातला. मग बारा दाखवले आणि तोंडावर हात ठेवला. मायनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "हा खोटं नाई बोलत," ती सुनेला म्हणाली. मी मुलगा होतो, माझ्यावर तेवढा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताज्या भाकरी आणि जवसाची चटणी घेऊन अकराच्या आत आम्ही विहारात होतो. तिथे कुठल्याशा खेड्यातलं एक कुटुंब दान घेऊन आलं होतं. त्यांच्यातली म्हातारी मायच्याच वयाची, तिचंही पांढरं लुगडं. त्रिशरण म्हणताना दोघींचे सूर वेगळे होते, शब्द मात्र तेच, आणि दोघी एकमेकींकडे चोरून बघत होत्या. मग वाढायला सुरुवात झाली. कालच्याच भंतेंच्या पात्रात मायनं भाकर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, वास घेतला, तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. पाणी प्यायले, हसले आणि आणखी एक तुकडा मोडला. माय त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती हाताकडे बघत होती. भाकर संपेपर्यंत बघत होती.

भंतेंचं झाल्यावर त्या म्हातारीनं ताटात लाल भात, डाळ आणि नारळाची चटणी वाढून मायपुढे धरलं. मी तोंड उघडलं, पोटाचं कारण सांगायला. मायनं ताट घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि सगळं खाल्लं. बोटं चाटली.

मग ताट धुवायला नळावर गेली. म्हातारी मागून आली आणि ताट ओढू लागली. माय सोडेना. "अम्मा, अम्मा," ती म्हणत होती, माय म्हणत होती, "अवं, उष्टं हाय, मी धुतो ना." दोघींची लुगडी भिजली. ताट तिचं, गावही तिचं, तीच जिंकली. तिनं मायचं उष्टं हातानं काढलं, ताट घासलं, झटकलं आणि आपल्या ताटांवर ठेवलं.

माय ओले हात तसेच धरून बघत होती. माझ्याकडे लक्ष जाताच म्हणाली, "तू काऊन पाहून राह्यला उभा? त्यांच्या लेकीसुनांले भाकर वाढ."

मी भाकरी वाढल्या. तुम्ही कोण, कुठले, असं एकीनंही विचारलं नाही. फक्त चटणी थोडी कमी, एवढं खुणेनं सांगितलं.